सरत्या वर्षाचा हिशेब : मार्टिन कुटुंबाचे १८७७ साल

डिसेंबरच्या अखेरच्या सायंकाळी उपकारस्तुतीची मिस्सा आटोपते, ‘ते देउम’ हे पुरातन स्तोत्र गाऊन होते, आणि तरीही काही कुटुंबे चर्चच्या आवारात रेंगाळत राहतात. कुणाला नव्या घरासाठी आशीर्वाद हवा असतो, कुणाला मुलाच्या परीक्षेसाठी. बोलता बोलता सरत्या वर्षाचा हिशेब निघतो. घराची डागडुजी झाली, थोरलीचे लग्न ठरले. पण धाकट्याला नोकरी लागली नाही, यजमानांचे व्यसन सुटले नाही, सासूबाईंचे दुखणे हटले नाही. जानेवारीत मनाशी योजलेल्या पाच गोष्टींपैकी दोन झाल्या, तीन राहिल्या. ‘फादर, हे वर्ष काही आम्हांला लाभले नाही,’ असे एखादी माउली सांगते, तेव्हा तिला चटकन द्यावे असे उत्तर आमच्यापाशी नसते.

अशा वेळी आम्हांला फ्रान्समधील एका घराचे एक वर्ष आठवते. नॉर्मंडी प्रांतातील आलांसों या गावी राहणाऱ्या लुई व झेली मार्टिन या दांपत्याचे १८७७ साल. त्या घरातील सर्वांत धाकटी मुलगी पुढे लिझ्यूची संत तेरेजा म्हणून जगाला ठाऊक झाली. त्या वर्षी ती अवघी चार वर्षांची होती आणि प्रस्तुत लेखाचा विषय ती नाही. विषय आहे तिच्या मातापित्यांचा संसार, आणि विशेषेकरून त्या घरातील जिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही अशी मधली मुलगी लेओनी.

हा इतिहास आपल्याला ज्ञात आहे तो प्रामुख्याने झेलीबाईंच्या पत्रांमुळे. १८६३ ते १८७७ या काळात त्यांनी आपला भाऊ, भावजय आणि मुली यांना लिहिलेली दोनशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. भक्तिभावाने लिहिलेल्या चरित्रांत मार्टिन कुटुंब एखाद्या रंगीत पवित्र चित्रासारखे दिसते. पत्रांतले घर निराळे आहे. तिथे मुलांचा ताप आहे, गिऱ्हाइकांची घाई आहे, मोलकरणीची कटकट आहे आणि एका मुलीविषयीची न संपणारी काळजी आहे. आमच्या मते हे दुसरे घर अधिक पवित्र आहे, कारण ते आपल्या घरांसारखे आहे.

दोन अपुरे राहिलेले संकल्प

लुई मार्टिन यांचा जन्म १८२३ सालचा, झेली ग्वेरँ यांचा १८३१ सालचा. तारुण्यात दोघांनाही मठवासी व्हावयाचे होते. लुई आल्प्स पर्वतातील थोर संत बर्नार्ड यांच्या मठात गेले. लॅटिन येत नाही म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. त्यांनी लॅटिनचा अभ्यास आरंभला, पण तो तडीस गेला नाही. झेलीबाईंनी संत व्हिन्सेंट दि पॉल यांच्या धर्मभगिनींच्या संघात प्रवेश मागितला. तेथील प्रमुख भगिनींनी नकार दिला. एकाने घड्याळे दुरुस्त करण्याचा व्यवसाय पत्करला, दुसरीने सुईने लेस विणण्याचा. १८५८ सालच्या जुलै महिन्यात, १२ आणि १३ तारखांच्या मधल्या मध्यरात्री, आलांसोंच्या नोत्र-दाम चर्चमध्ये त्यांचा विवाह झाला.

आलांसोंची लेस हा साधासुधा धंदा नव्हता. या लेसच्या एका चौरस सेंटिमीटरला सुमारे सात तास लागतात. युनेस्कोने २०१० साली या कलेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. झेलीबाई गावातल्या बायकांना घरी काम देत. दर गुरुवारी त्या बायका विणलेले लहान लहान तुकडे आणून देत, आणि ते तुकडे सांधा दिसणार नाही अशा बेताने जोडण्याचे सर्वांत नाजूक काम झेलीबाई स्वतः करीत. धंदा वाढला तेव्हा, १८७० साली, लुई यांनी आपले घड्याळांचे दुकान पुतण्याच्या हवाली केले आणि पत्नीच्या व्यवसायाचा व्याप सांभाळण्यास हातभार लावला. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाने स्वतःचे दुकान सोडून पत्नीच्या कामाला लागावे, ही गोष्ट आजही आपल्या काही घरांत विचार करायला लावील.

या दांपत्याला नऊ अपत्ये झाली. त्यांतील दोन मुलगे व दोन मुली अशी चार अपत्ये फेब्रुवारी १८६७ ते ऑक्टोबर १८७० या चार वर्षांहूनही कमी काळात देवाघरी गेली. आपला एखादा मुलगा धर्मगुरू व्हावा, मिशनरी व्हावा, ही आईवडिलांची मोठी आस होती. दोन्ही मुलांची नावे त्यांनी योसेफच ठेवली होती. दोघेही वर्षाचे व्हायच्या आत गेले. मागे राहिल्या त्या पाच मुली : मरी, पोलीन, लेओनी, सेलीन आणि तेरेजा.

१८७६ चा नाताळ

झेलीबाईंच्या छातीत एक गाठ होती. तिचा उल्लेख त्यांनी १८६५ सालीच आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात केला होता. भाऊ इझिदोर लिझ्यू येथे औषधांचे दुकान चालवीत असे. पण पुढे बाळंतपणे आली, लेसची मागणी आली, मुलांची आजारपणे आली आणि गाठ मागे पडली. घरातली बाई आपले दुखणे कसे मागे टाकते हे आपल्या घरांना नव्याने सांगायला नको.

१८७६ च्या डिसेंबरात वेदना वाढल्या तेव्हा त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी गाठ तपासली, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असे सुचवले आणि औषधाची चिठ्ठी लिहून दिली. या औषधाने काय होणार, असे बाईंनी सरळ विचारले. रोग्यांच्या समाधानासाठी आम्ही देतो, अशा अर्थाचे उत्तर डॉक्टरांनी तितक्याच सरळपणे दिले. २३ डिसेंबरला त्यांना पंचेचाळीस वर्षे पुरी झाली आणि दुसऱ्या दिवशी, नाताळच्या पूर्वदिनी, त्या भावाच्या आग्रहावरून लिझ्यूच्या एका शल्यवैद्यांना दाखवायला गेल्या. त्यांचेही मत तेच पडले : फार उशीर झाला आहे.

नवे वर्ष उंबरठ्यावर उभे असताना या गृहिणीच्या मनात काय असेल? पत्रांवरून ते लख्ख दिसते. आपण जगावे अशी त्यांची इच्छा होती, आणि ती मुख्यतः एका मुलीसाठी होती. मरी आणि पोलीन शहाण्या होत्या. सेलीन आणि तेरेजा यांना कुणीही प्रेमाने वाढवले असते. प्रश्न होता लेओनीचा.

लेओनी

लेओनीचा जन्म ३ जून १८६३ रोजी झाला. बालपणी ती सतत आजारी असे. अंगावर इसबाचा त्रास होता. अभ्यासात ती मागे पडे, हट्ट करी, सांगितल्याच्या नेमके उलट वागे. झेलीबाईंची थोरली बहीण ल मां येथील व्हिजिटेशन मठात धर्मभगिनी होती. मठाच्या शाळेत मरी आणि पोलीन उत्तम शिकल्या. लेओनीला मात्र त्या शाळेने घरी परत पाठवले, आणि तेही एकदाच नव्हे. आईच्या जवळ ती थांबत नसे. आईने प्रेमाने बोलावले तरी दूर पळे. घरात ती एकाच व्यक्तीचे ऐके : अनेक वर्षांपासून त्या घरी काम करणाऱ्या मोलकरणीचे. मुलीचा स्वभावच असा, देवाने हा क्रूस आपल्याला दिला आहे, अशी आईची समजूत होऊन बसली होती.

मठातील बहीण क्षयाने अंथरुणाला खिळली होती. तिचा अंत जवळ आला आहे हे ओळखून झेलीबाईंनी तिच्यावर एक काम सोपवले : स्वर्गात गेलीस की पवित्र मरियेला गाठ आणि माझ्या लेओनीचे गाऱ्हाणे तिच्या कानी घाल. त्याच सुमारास साडेतेरा वर्षांच्या लेओनीनेही आपल्या मावशीला पत्र लिहून एक मागणी केली. आपल्याला खरीखुरी धर्मभगिनी होण्याचे पाचारण मिळावे म्हणून देवापाशी रदबदली कर, अशी ती मागणी होती. जिला शाळेने ठेवून घेतले नाही, तिच्या मनात हे होते. घरातल्या कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

२४ फेब्रुवारी १८७७ रोजी मावशी निवर्तली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत थोरली मुलगी मरी हिच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि तिने ती आईला सांगितली. मोलकरीण लेओनीला आईच्या नकळत धाकात ठेवीत होती. मुलगी तिचे ऐकत होती ती भयाने. तिला आईपाशी जाऊ दिले जात नव्हते, आणि झाल्या प्रकाराची वाच्यता करण्याची तिची छाती नव्हती. वर्षानुवर्षे ज्याला आई मुलीचा आडमुठा स्वभाव समजत होती, ती त्या मुलीची भीती होती.

वाचकहो, या ठिकाणी आम्हांला क्षणभर थांबावेसे वाटते. हे घर निष्काळजी माणसांचे नव्हते. रोज पहाटेच्या मिस्सेला जाणारे, मुलांसाठी जीव टाकणारे, पुढे ख्रिस्तसभेने ज्यांना संत म्हणून घोषित केले असे हे आईबाप होते. त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच छताखाली एक लेकरू घुसमटत होते आणि ते त्यांना दिसले नव्हते. झेलीबाईंनी ही गोष्ट पत्रात लपवली नाही. मोलकरणीला तत्काळ काढून टाकावे असे त्यांच्या मनात आले. तिने रडून विनवणी केली तेव्हा तिला राहू दिले, पण लेओनीवर तिचा अधिकार उरणार नाही अशी सक्त ताकीद देऊन.

आणि आईने दुसरी एक गोष्ट केली. तिने मुलीला जवळ घेतले. आजाराने शरीर पोखरत असताना, लेसच्या मागण्या पडून असताना ती लेओनीला सोबत ठेवू लागली, तिच्याशी बोलू लागली. थोड्याच दिवसांत जी मुलगी दूर पळत होती ती आईला सोडीना. मृत्यू जवळ आला तेव्हाच आईला जगण्याची खरी ओढ लागली. हे लेकरू आता कुठे आपले झाले आहे, याला अजून थोडी वर्षे आपण हवे आहोत, हा विचार त्या वसंतातील पत्रांत वारंवार डोकावतो.

लूर्दची यात्रा

लूर्दमातेची गुहा आपल्या कितीतरी गावांतील चर्चच्या आवारात उभी आहे, त्यामुळे पुढील प्रसंग आपल्याला परका वाटणार नाही. १८५८ साली ११ फेब्रुवारी ते १६ जुलै या काळात बर्नादेतला तेथे अठरा वेळा दर्शन घडले. म्हणजे मार्टिन दांपत्याच्या विवाहानंतर तीनच दिवसांनी अखेरचे दर्शन झाले होते. १८७७ च्या जून महिन्यात झेलीबाई मरी, पोलीन आणि लेओनी या तिघी मुलींना घेऊन यात्रेकरूंच्या गाडीने लूर्दला निघाल्या. मागणे स्पष्ट होते : आरोग्य.

ती यात्रा म्हणजे अडचणींची मालिका ठरली. प्रवासाचा शीण, वाटेतली गैरसोय, हरवलेल्या जपमाळा, मान लचकून वाढलेल्या वेदना. त्या थंडगार पाण्यात झेलीबाई चार वेळा उतरल्या. काहीही झाले नाही. घरी लुई दोघी लहानग्यांसह चमत्काराच्या वार्तेची वाट पाहत होते. पत्नी परतली ती प्रसन्न मुद्रेने, जणू मागितलेले मिळाले आहे अशी. आणि ते पाहून लुई यांना नवल वाटले. सर्वांत अधिक हिरमुसली ती पोलीन. तिला आईने पत्रातून समजावले की, मरियेने बर्नादेतलाही सुखाचे वचन दिले होते ते या जगातले नव्हते.

ऑगस्टच्या प्रारंभापर्यंत त्या कशाबशा मिस्सेला जात राहिल्या. १६ ऑगस्टला त्यांनी भावाला शेवटचे पत्र लिहिले. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, त्यांनी देह ठेवला. थोरली मरी सतरा वर्षांची होती, लेओनी चौदाची, तेरेजा अजून पाचाचीही झाली नव्हती. नोव्हेंबरात लुई यांनी आपले गाव, मित्र आणि सवयीचे सारे मागे टाकून मुलींना मामाच्या गावी, लिझ्यूला नेले. चोपन्न वर्षांच्या माणसाने मुलींच्या हितासाठी नव्या गावात संसार मांडला.

त्या वर्षअखेरीचा हिशेब

३१ डिसेंबर १८७७ च्या सायंकाळी लुई मार्टिन यांनी मनाशी काय हिशेब मांडला असेल, त्याची नोंद नाही. जमेच्या बाजूला काय लिहिता आले असते? बहीण गेली, पत्नी गेली, गाव सुटले, लूर्दचे मागणे फळास आले नाही. त्या आवारातील माउलीच्या शब्दांत सांगायचे तर वर्ष लाभले नाही.

येथे चरित्रकार बहुधा पुढच्या काळाकडे धाव घेतात. पाचही मुली व्रतस्थ झाल्या. ज्या आईला मिशनरी मुलगा हवा होता, तिच्या धाकट्या मुलीला १९२७ साली पोप पायस अकरावे यांनी, ज्यांचे पार्थिव जुन्या गोव्यात विसावले आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने, मिशनकार्याची आश्रयदाती घोषित केले. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी, कुटुंबविषयक सिनड चालू असतानाच, पोप फ्रान्सिस यांनी लुई व झेली या पतिपत्नींना एकत्र संतपद दिले. हे सारे खरे आहे आणि आनंदाचे आहे. परंतु त्यावरून १८७७ साल सफल ठरवणे आम्हांला पटत नाही. झेलीबाईंना यातले काहीच ठाऊक नव्हते. आपल्या घरांनाही अशी हमी कुणी देणार नाही. ज्या घरातून कुणी संत निघणार नाही, त्या घराच्या कठीण वर्षाचे मोल काय, हा खरा प्रश्न आहे.

त्या आईला त्याच वर्षी, आपल्या डोळ्यांनी दिसलेले फळ एकच होते : लेओनी तिच्याजवळ येऊन बसू लागली. हे फळ कुठल्या संकल्पाच्या पूर्ततेने आले नाही. मुलगी सुधारावी ही मागणी होती. पण आधी उघडकीस आले ते घराला मुलगी दिसत नव्हती हे. ते कबूल करण्याचे धैर्य आईपाशी होते, म्हणून उरलेले पाच महिने त्या दोघींचे झाले.

लेओनीचे पुढचे आयुष्यही सोपे गेले नाही. तिने मठजीवनाचा प्रयत्न तीनदा केला आणि तिन्ही वेळा तिला परतावे लागले. चौथ्या खेपेस, १८९९ साली, कां येथील व्हिजिटेशन मठात ती गेली ती कायमची. सिस्टर फ्रान्स्वाज-तेरेज या नावाने तिने तेथे चाळीसहून अधिक वर्षे काढली आणि जून १९४१ मध्ये तिचे निधन झाले. २०१५ साली तिच्याही धन्यवादित घोषणेची प्रक्रिया सुरू झाली. मावशीला लिहिलेल्या पत्रातील ते ‘खरीखुरी’ हे विशेषण तिने बावीस वर्षे सांभाळून ठेवले होते.

आपल्या घरी

धर्मगुरूलाही वर्षअखेरीस अहवाल लिहावा लागतो. स्नानसंस्कार किती, विवाह किती, अंत्यविधी किती, इमारत निधी किती. एका वर्षी असा नीटनेटका अहवाल आम्ही पाठवला आणि समाधान पावलो. पुढे कळले की, वेदीसेवकांपैकी ज्या मुलाला आम्ही वर्षभर उशिरा येतो म्हणून सर्वांसमक्ष रागावत होतो, तो रोज सकाळी अंथरुणाला खिळलेल्या आजीचे सारे आवरून मग येत होता. त्याने कधी सांगितले नाही आणि आम्ही कधी विचारले नाही. त्या अहवालातील एकही आकडा खोटा नव्हता. तरीही तो अहवाल पुरा नव्हता, हे आज आम्हांला लिहिले पाहिजे.

सेमिनरीत आम्हांला संत इग्नाती लोयोला यांच्या पद्धतीने मनःपरीक्षण शिकवले गेले. १५४८ साली पोप पॉल तिसरे यांची मान्यता लाभलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या त्यांच्या ग्रंथात मनःपरीक्षणाच्या पाच पायऱ्या दिल्या आहेत. पहिली देवाचे उपकार मानण्याची, दुसरी प्रकाश मागण्याची. आपल्या कृतीचा हिशेब तिसऱ्या पायरीवर येतो. मग क्षमायाचना आणि शेवटी सुधारणेचा निश्चय. तरुणपणी आम्हांला ही दुसरी पायरी केवळ रीत वाटे. आपण काय केले ते आपल्याला ठाऊकच असते, त्याला प्रकाश कशाला? आता उमगते की, झेलीबाईंच्या घरी मार्च १८७७ मध्ये जे घडले ते हेच होते. दिवा आधी लागला, हिशेब मागाहून झाला.

तेव्हा यंदा वर्षअखेरीस रात्रीच्या जपमाळेनंतर कुटुंब एकत्र बसेल तेव्हा काय झाले आणि काय राहिले याची यादी अवश्य करावी. संकल्प सोडावेत असे आम्ही म्हणत नाही. नोकरी, घर, आरोग्य या खऱ्या गरजा आहेत आणि त्या देवापुढे मांडाव्यात. परंतु यादीला हात घालण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : या वर्षी आमच्या घरात कोण आम्हांला दिसले नाही? कदाचित ती अबोल झालेली सून असेल, कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा असतील, प्रगतिपुस्तक लपवणारा मुलगा असेल, स्वतःची गाठ मागे टाकून सर्वांचे डबे भरणारी आई असेल, अथवा घरी कामाला येणारी बाईही असेल. उत्तर सापडले तर उठून त्या व्यक्तीजवळ जाऊन बसावे. तिला बोलायला लावू नये, नुसते बसावे.

गेल्या वर्षी त्या माउलीला आम्ही हीच कथा थोडक्यात सांगितली. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘फादर, माझी मधली मुलगी बाहेर रिक्षात बसली आहे. ती आत येतच नाही.’ आम्ही म्हटले, ‘मग तुम्ही इथे काय करता?’ ती गेली. आशीर्वाद घ्यायचा तसाच राहिला. तो आम्ही पाठीमागून दिला.